‘निधी उपलब्ध नाही’ म्हणणाऱ्या महामंडळाचे हिशेब कुठे पाहायला मिळतील?

परतूरची_लेक

नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

माझा धाकटा भाऊ शिवणकाम करतो. परतूरला बसस्टँडच्या मागं दहा बाय बाराचा गाळा आहे. दोन मशिनी, त्यातली एक आईची जुनी, पायानं चालवायची. शाळांच्या गणवेशाचं काम त्याला मिळतं, पण मे महिन्यात दोन मशिनींवर माणूस शिवून शिवून किती शिवणार? म्हणून त्यानं सरकारच्या एका सामाजिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवलासाठी अर्ज केला. महामंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, फाईल अजून त्यांच्याकडेच आहे. योजनेत मोठा हिस्सा बँकेचा, २० टक्के महामंडळाचे आणि ५ टक्के आपले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन जामीनदार, मशिनींची कोटेशनं, सगळं दिलं. बँकेचे साहेब म्हणाले, महामंडळाचा हिस्सा जमा झाला की आमचे पैसे आठ दिवसांत.

याला चौदा महिने झाले. जालन्याला सात खेपा झाल्या. दर खेपेला एकच उत्तर, “वरून निधी आला नाही.” आठव्या वेळी मी सोबत गेले आणि लेखी मागितलं. तेव्हा एका ओळीचं पत्र मिळालं. ‘सद्यःस्थितीत निधी उपलब्ध नसल्याने आपले प्रकरण प्रलंबित आहे.’

मी स्वतः एका कृषी सेवा केंद्रात टॅलीवर हिशेब लिहिते. आमच्या दुकानाचा ताळेबंद मालकांना दरवर्षी सीएकडून करून घ्यावाच लागतो, नाही केला तर बँक कॅश क्रेडिटचं नूतनीकरण करत नाही. म्हणून मला वाटलं, या महामंडळाचाही ताळेबंद असेलच. त्यांचं संकेतस्थळ उघडलं. ‘वार्षिक अहवाल’ असं पान आहे, त्यावर शेवटचा अहवाल २०११-१२ चा. त्यापुढं काहीच नाही. कार्यालयाच्या पाटीवर महामंडळाच्या नावापुढं ‘मर्यादित’ लिहिलंय आणि खाली कंसात ‘महाराष्ट्र शासनाचा उपक्रम’.

शासनाचा उपक्रम असेल तर त्याचे हिशेब कोण तपासतं? ते माझ्यासारखीला बघता येतात का? आणि पैसे खरंच नाहीत की कुठंतरी आहेत, हे कसं समजायचं?

सडेतोड

ताई, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. ही सगळी महामंडळं राजकारण्यांच्या पुनर्वसनासाठी काढलेली आहेत. निवडणुकीत पडलेल्याला अध्यक्षपद, गाडी, बंगला. सगळी विकून टाकावीत किंवा बंद करावीत, दुसरा उपाय नाही. भावाला म्हणावं मुद्रा कर्ज बघ.

हिशेबनीस

ताई, मी ३१ वर्षं महालेखाकार कार्यालयात होतो, आधी मुंबई आणि मग नागपूर. त्यातली १९ वर्षं महामंडळांच्या तपासणीतच गेली. आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून रात्रीच लिहायला बसलो.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द पाटीवरचा ‘मर्यादित’ आहे. आपल्याकडे महामंडळ म्हटलं की सगळी एकाच माळेची वाटतात, पण त्यांचे दोन प्रकार आहेत. एसटी किंवा एमआयडीसी ही खास कायद्यानं उभी केलेली मंडळं. एसटीच्या पाठीशी १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आहे आणि तिचे हिशेब थेट कॅगच, म्हणजे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षकच, तपासतात. नावापुढं ‘मर्यादित’ असलेलं महामंडळ मात्र कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असते. ५१ टक्के किंवा त्याहून जास्त भांडवल सरकारचं असलं की ती सरकारी कंपनी. सिडको ही कंपनी, महावितरण ही कंपनी, आणि तुमच्या भावाची फाईल जिथं आहे तेही कंपनीच.

कंपनी म्हटली की तुमच्या मालकांना जे चुकत नाही ते तिलाही चुकत नाही. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेऊन तपासलेले हिशेब तिच्यापुढं ठेवायचे. सरकारी कंपनीचा सीए कंपनी स्वतः निवडत नाही, तो कॅग नेमून देतात. त्याचा अहवाल आला की ६० दिवसांत कॅगना पूरक तपासणी करून आपले शेरे देता येतात. हे शेरे सभेपुढं ठेवावे लागतात, आणि सभेनंतर तीन महिन्यांत वार्षिक अहवाल तयार होऊन तो लवकरात लवकर विधिमंडळाच्या पटलावर जायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्यात हे सगळं कलमवार लिहिलेलं आहे. त्यामुळं २०११-१२ नंतर अहवालच नसणं याला नुसता आळस म्हणून चालणार नाही. अहवाल खरंच झालेले नसतील तर मधल्या प्रत्येक वर्षी कायदा मोडलेला आहे.

हे तुम्ही आज घरबसल्या तपासू शकता. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि महामंडळाचं पूर्ण इंग्रजी नाव टाकून ‘मास्टर डेटा’ उघडा. त्याला पैसे लागत नाहीत. तिथं दोन तारखा दिसतील, शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरला. सगळ्यात आधी या दोन तारखा वहीत लिहून ठेवा. मग १०० रुपये भरले की त्या कंपनीनं दाखल केलेली कागदपत्रं उघडतात. वेळ मोजका मिळतो, म्हणून उघडल्याबरोबर सगळी उतरवून घ्या, वाचत बसू नका.

आता पैसे आहेत की नाहीत याबद्दल. एक अनुभव सांगतो. महामंडळाचं नाव सांगणार नाही, पण ते तुमच्या महामंडळासारखंच कर्ज वाटणारं होतं.

आमची तिघांची ऑडिट पार्टी मुख्यालयात गेली होती. रोकडवहीच्या बेरजा पेन्सिलीनं मारलेल्या होत्या. बँक ताळमेळ पत्रक, म्हणजे आपली वही आणि बँकेचं खातं जुळतं का ते दाखवणारा कागद, मागितलं तर चार वर्षं ते केलेलंच नव्हतं. मुदत ठेवींच्या पावत्या दाखवा म्हटल्यावर रोखपालानं गोदरेजचं कपाट उघडून एक निळी फाईल माझ्यापुढं ठेवली. मी एकेक पावती कागदावर उतरवायला घेतली. दुपारी जेवण झाल्यावर बसलो, पाच वाजले तरी पावत्या संपेनात. काहींची मुदत केव्हाच उलटून गेली होती, बँकेनंच त्या आपणहून पुढं चालू ठेवल्या होत्या. तीन पावत्यांची तर महामंडळाच्या एकाही वहीत नोंद नव्हती. रोखपाल गृहस्थ भला माणूस होता. त्याला घाम फुटला. म्हणाला, “साहेब, माझ्या आधीच्यानं ठेवलेल्या आहेत, मला कुणी ताब्यातच दिल्या नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मी जावक नोंदवही मागवली. त्याच वर्षात सगळ्या जिल्हा कार्यालयांना पत्र गेलं होतं, ‘निधी उपलब्ध नसल्याने नवीन प्रकरणे स्वीकारू नयेत.’ त्या पत्राखाली ज्या अधिकाऱ्याची सही होती, त्याचीच सही काही ठेवींच्या नूतनीकरणाच्या अर्जांवर होती. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. ते पत्र मिळालेली किती माणसं कुठकुठल्या गावात असतील, एवढंच डोक्यात येत होतं. म्हणून तुमच्या पत्रातली ओळ वाचल्यावर मला झोप आली नाही.

यावर हाफ मार्जिन, म्हणजे उत्तर मागणारी लेखी हरकत, दिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे, भविष्यात दक्षता घेण्यात येईल.’ आम्ही तो मुद्दा पुढं अहवालाच्या परिच्छेदापर्यंत नेला.

असं का होतं, तेही सांगतो. मार्च महिन्यात विभागाकडं तरतूद शिल्लक असते. ३१ मार्चला ती व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्यामुळं रद्द होऊ नये, म्हणून रक्कम महामंडळाच्या खात्यावर टाकली जाते. त्या क्षणी शासनाच्या पुस्तकात ती ‘खर्च’ झाली. अर्थसंकल्पात आकडा दिसतो, सभागृहात सांगता येतं की या समाजासाठी इतके कोटी खर्च केले. प्रत्यक्षात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. पुढं महामंडळात व्यवस्थापकीय संचालकाकडं आणखी दोन ठिकाणांचा अतिरिक्त कार्यभार, संचालक मंडळाची मुदत संपलेली, सरकार बदललं की अध्यक्ष गेले, वसुली कमी म्हणून नवीन कर्ज द्यायला कुणी सही करत नाही. मग पैसे ठेवीत पडून राहतात. ठेवीत ठेवले म्हणून कुणावर कारवाई होत नाही, वाटले आणि बुडाले तर होते, असा हिशेब त्या खुर्चीत बसलेला माणूस करतो.

आणि एकदा हिशेब थकले की ते आपोआप वर येत नाहीत. २०१२-१३ बंद झाल्याशिवाय २०१३-१४ ची आरंभीची शिल्लक कुठून आणणार? प्रत्येक वर्षाला वेगळा सीए, वेगळी पूरक तपासणी, वेगळी सभा. तोवर ज्यानं व्हाउचर लिहिलं तो निवृत्त झालेला असतो आणि ज्या खोलीत व्हाउचरं ठेवली तिथं वाळवी लागलेली असते. मी अशा खोलीत बसून तपासणी केलेली आहे. गठ्ठा उचलला की हातात भुगा यायचा. त्या भुग्यात कुणी पैसे खाल्ले होते की नव्हते, हे आता जगातला कुठलाच लेखापरीक्षक सांगू शकणार नाही. म्हणून थकलेल्या हिशेबांची मला इतकी चीड आहे. महामंडळ तोट्यात असलं तर त्याची कारणं निदान शोधता येतात. हिशेबच नसले की चोरी आणि तोटा यांत फरक करायची सोयच राहत नाही.

अण्णा भाऊ साठे विकास महामंडळातला गैरव्यवहार २०१५ मध्ये उघडकीला आला तेव्हा अध्यक्ष राहिलेल्या आमदारालाच अटक झाली, हे तुम्ही वाचलं असेल. मातंग समाजातल्या गरिबांसाठी १९८५ मध्ये काढलेलं महामंडळ ते. असं काही उघड झालं की अटकेची बातमी चार दिवस चालते. त्या काळात ज्यांची प्रकरणं अडकून पडतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

एक गोष्ट खासगी कंपन्यांची. सलग तीन वर्षं ताळेबंद भरला नाही तर कंपनीचे संचालक अपात्र ठरतात. २०१७ मध्ये विवरणं न भरता पडून राहिलेल्या दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदवहीतून काढल्या गेल्या. सरकारी कंपन्यांच्या संचालकांना २०१५ पासून या अपात्रतेतून सूट होती. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन असं ठरलं की जी सरकारी कंपनी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरत नाही तिला या सवलती मिळणार नाहीत. नियम चांगला आहे. तो एखाद्या महामंडळावर नेटानं लावलेला मी नोकरीत असेपर्यंत तरी पाहिला नाही.

कागद हातात आले की काय बघायचं? तुम्ही टॅलीवर बसता, म्हणजे तुम्हाला जमेल. नफा-तोटा पत्रकात उत्पन्नाची बाजू घ्या. लाभार्थ्यांना दिलेल्या कर्जावरचं व्याज किती आणि बँकेतल्या ठेवींवरचं व्याज किती, एवढंच बघा. कर्ज वाटायला काढलेल्या महामंडळाचं ठेवींवरचं व्याज जर कर्जावरच्या व्याजापेक्षा जास्त असेल, तर पैसे कुठं आहेत ते तुम्हाला समजलं. त्यानंतर सीएचा अभिप्राय वाचा. ‘याला अधीन राहून’ असं म्हणून जे पुढं लिहिलेलं असतं, खरं ते तिथं असतं. शेवटी कॅगचे शेरे. बहुतेक वेळा ते अहवालाच्या मागच्या बाजूला, लहान टाइपात असतात.

सडेतोड, तुमचा राग मला समजतो. पण विकायचं म्हटलं तरी घेणारा आधी ताळेबंदच मागतो. एअर इंडिया २०१८ मध्ये विकायला काढली तेव्हा एकही बोली आली नाही. कर्जाची मांडणी बदलल्यावर २०२१ मध्ये टाटांनी १८,००० कोटींची बोली लावली आणि जानेवारी २०२२ मध्ये ताबा घेतला. जिचे दहा वर्षांचे हिशेब नाहीत अशा कंपनीच्या कपाटात कोणत्या ठेवी, कोणत्या जमिनी आणि कोणती देणी आहेत हे न बघता ती विकली, तर लुटीला आमंत्रणच. आणि बंद करायची तरी अवसायकाला, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाला, हिशेब लागतातच. मराठवाडा विकास महामंडळाचं काम थांबून किती वर्षं झाली बघा. शिवाय या ताईंच्या भावाला बँक स्वतःहून दारात उभं करत नव्हती, म्हणूनच तर ही महामंडळं काढावी लागली. ती गरज काही गेलेली नाही.

मागावाला

हिशेबनीस साहेबांनी लिहिलंय ते शंभर टक्के. मी इचलकरंजीचा, आमचे २४ यंत्रमाग आहेत, त्यामुळं विजेच्या बाजूनं थोडं सांगतो. हिशेब उघडे करायला भाग पाडता येतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे.

जुनं वीज मंडळ होतं तेव्हा सांगायचं की आमची वीजगळती पंधरा-सतरा टक्के आहे. लोकांना ते खरं वाटायचं. शेतीपंपांना तेव्हा मीटर नव्हते, हॉर्सपॉवरवर बिल यायचं. म्हणजे पंपांनी किती वीज ओढली हे कुणी मोजतच नव्हतं, अंदाजानं लिहायचं. मग चोरीची, जुन्या तारांची, खराब मीटरची सगळी गळती त्या अंदाजात टाकायची, म्हणजे शेतकऱ्यानं वापरली म्हणून दाखवायचं. एका बाजूला गळती कमी दिसते, दुसऱ्या बाजूला शेतकरी फुकट्या ठरतो. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि २००० च्या पहिल्या दरवाढीच्या वेळी जाहीर सुनावणी झाली. पुण्याच्या ‘प्रयास’ या वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मंडळाचेच आकडे मांडून दाखवलं की हे जुळत नाहीत. प्रश्न विचारत गेल्यावर गळतीचा आकडा चढत चढत तीस टक्क्यांच्या पुढं गेला. तारा त्याच, ट्रान्सफॉर्मर तेच. फक्त लपवायची जागा काढून घेतली.

२००५ मध्ये मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. पण २००३ च्या वीज कायद्यानं एक बरं केलं, दर ठरवायचा अर्ज कंपनीला जाहीर करावाच लागतो आणि कुणीही हरकत घेऊ शकतो. आमची सुनावणी पुण्याला असते. मी आजवर पाच वेळा गेलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा बोलताना पाय थरथरत होते. समोर कंपनीचे वकील, संचालक, एवढाले ग्रंथ. मी फक्त माझ्या फीडरचा, म्हणजे आमच्या भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीचा, एक प्रश्न विचारला, की त्याची गळती तुमच्या तक्त्यात ज्या रकान्यात असायला हवी तो रकाना कोरा का आहे? आयोगानं कंपनीला उत्तर द्यायला सांगितलं आणि लेखी उत्तर घरी आलं. एका यंत्रमागवाल्याला एवढ्या मोठ्या सरकारी कंपनीचं लेखी उत्तर मिळतं, हे मला फार मोठं वाटलं. अजून ते जपून ठेवलंय.

पंपांचा वाद अजून संपलेला नाही. आमच्या वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे साहेब वर्षानुवर्षं तेच मांडतात. पण वाद घालायला आकडा समोर असतो. कर्ज देणाऱ्या महामंडळांना अशी जाहीर सुनावणी नाही, माझ्या मते खरी अडचण तीच आहे. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी व्यवस्थापकीय संचालकानं लोकांपुढं बसून सांगावं की इतके आले, इतके वाटले, इतके उरले. अकोल्याच्या महाबीज या बियाणे महामंडळात शेतकरी भागधारक आहेत, त्यांना सभेत उभं राहून विचारता येतं. या ताईंनी कुठं उभं राहायचं?

परतूरची_लेक

हिशेबनीस काका, तुम्ही इतकं लिहिलंत, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं.

मास्टर डेटा उघडला. शेवटची सभा आणि शेवटचा ताळेबंद, दोन्ही तारखा संकेतस्थळावरच्या अहवालानंतरच्या निघाल्या, पण तरी कित्येक वर्षं जुन्याच. १०० रुपये भरून कागद उतरवून घेतले. तुम्ही सांगितलेल्या दोनच ओळी आधी शोधल्या. ठेवींवरचं व्याज कर्जावरच्या व्याजाच्या तिपटीपेक्षा जास्त आहे. मी तीनदा बघितलं, मला वाटलं रकाना चुकतोय.

पण हे जुन्या वर्षाचं झालं. आज काय स्थिती आहे ते कसं कळणार? आणि जालन्याच्या कार्यालयातले बाबू माझ्याशी खोटं बोलले का? त्यांच्याबद्दल तक्रार करू का?

हिशेबनीस

तक्रार करू नका. जिल्ह्यातला लिपिक बहुधा खरंच सांगतोय. त्याच्या खात्यावर पैसे आलेले नाहीत, एवढंच त्याला ठाऊक. ठेवी मुख्यालयाच्या कपाटात असतात, त्याला त्या कधी दिसतही नाहीत. उलट त्याच्याशी नीट बोला, फाईल सापडायला तोच मदत करेल.

आजची स्थिती माहिती अधिकारातूनच कळेल. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं दोन वेगळे अर्ज करा. दोन्ही मुख्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तुम्ही दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असाल तर दाखला जोडा, स्टँप लागत नाही. ‘का’ हा शब्द कुठंही लिहू नका. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, असलेल्या कागदाची प्रत द्यायला बांधील आहेत.

पहिल्या अर्जात एवढंच लिहा, ‘गेल्या ३१ मार्च रोजी महामंडळाच्या नावे असलेली सर्व बँक खाती व मुदत ठेवी यांची बँकनिहाय शिल्लक दर्शविणाऱ्या विवरणपत्राची, तसेच त्याच दिनांकाच्या बँक ताळमेळ पत्रकाची प्रत मिळावी.’ ताळमेळ पत्रक नक्की मागा. ते नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असं लेखी द्यावं लागेल, आणि त्या एका ओळीची किंमत फार मोठी आहे.

दुसऱ्या अर्जात, ‘बीजभांडवल योजनेसाठी मागील तीन आर्थिक वर्षांत शासनाकडून प्राप्त रक्कम, जालना जिल्ह्यास वितरित रक्कम व शासनास सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती मिळाव्यात.’ उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला वापरले, असं सही करून दिलेला कागद. ठेवी भरलेल्या आणि उपयोगिता प्रमाणपत्रही दिलेलं असेल, तर ते दोन कागद तुमच्या आमदारांकडं घेऊन जा. विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती असते, तिला महामंडळाच्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावता येतं. मी तिच्या बैठकांना आमच्या साहेबांबरोबर फायली घेऊन गेलेलो आहे. एरवी अघळपघळ बोलणारे अधिकारी तिथं आकडा विचारला की पाणी मागतात.

‘व्यापारी गोपनीयता’ असं कारण देऊन नाकारलं तर घाबरू नका. शासनाच्या पैशांच्या ठेवी हे काही व्यापारी गुपित नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नाकारलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप.

एक आणखी. कॅगचे महाराष्ट्राचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही असतात. राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालात सार्वजनिक उपक्रमांचं प्रकरण असतं आणि कुणाचे किती वर्षांचे हिशेब थकलेत याची माहिती त्यात येते. आमचे अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जायचे, त्यामुळं त्यावर चर्चा व्हायचीच नाही. वर्ष-वर्ष खपून तयार केलेला अहवाल असा गेला की आम्हा सगळ्यांना फार लागायचं. निदान तुम्ही तरी तो वाचा.

सडेतोड

माझं आधीचं लिहिणं जरा घाईचं झालं. एसटीची श्वेतपत्रिका जून २०२५ मध्ये आली, संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर. ती वाचून माझं डोकं फिरलं होतं. माझे वडील ३४ वर्षं एसटीत वाहक होते. पण आता वाटतं, आकडा निदान छापून समोर तरी आला. ताई, पहिल्या अपिलाची वेळ आली तर सांगा, मी मुंबईत असतो, सुनावणीला सोबत येईन.

परतूरची_लेक

दोन्ही अर्ज काल रजिस्टर एडीनं टाकले. स्टँप वेंडरकडं दहाचे स्टँप संपले होते, तालुक्याच्या कोर्टाबाहेरून आणले. भाऊ म्हणत होता की एवढ्यानं काय होणार. मी त्याला त्या दोन ओळी दाखवल्या, ठेवींवरचं व्याज आणि कर्जावरचं व्याज. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी अर्जाच्या झेरॉक्स काढून फाईलला स्वतःच लावल्या.

शाळा जूनमध्ये उघडतात. कोटेशन दिलेल्या मशिनींचा भाव तोवर पुन्हा वाढेल, पण दुकानदार म्हणाला जुन्या भावानं महिनाभर थांबतो. उत्तर आलं की इथंच लिहीन. सडेतोड दादा, तुमचं म्हणणं लक्षात ठेवते.

हिशेबनीस

पोस्टाची पावती आणि परत येणारी पोच, दोन्ही अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. तीस दिवस अर्ज त्यांच्या हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून पोचेवरची तारीख वाचता येते का ते बघा. आणि उत्तराचं पाकीट फेकू नका. पत्रावरची तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत कधी कधी पंधरा-पंधरा दिवसांचा फरक असतो, अपिलात तो दाखवावा लागतो.